तीन गॅरेज, तीन निदानं, मोजमाप शून्य

पोस्ट मोठी आहे. ज्याच्या दारात डिझेल गाडी आहे त्याने शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी निदान शेवटच्या चार मागण्या तरी वाचा.

माझी दुधाची पिकअप आहे. पहाटे न्हावरे, उरळगाव, आलेगाव पागा, नागरगाव असं दूध गोळा करायचं, भीमा ओलांडून पारगावमार्गे केडगावला पोचवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. गाडी थांबली की दूध थांबतं, आणि दूध वाट बघत नाही, नासतं. म्हणून गाडीच्या बाबतीत मी कधी चालढकल केली नाही. सर्व्हिस वेळेवर, ऑईल वेळेवर, हप्ता वेळेवर.

पंच्याण्णव हजार किलोमीटरला लक्षात आलं की इंजिन ऑईल खातंय. डिपस्टिक ओढली की ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. खाली जमिनीवर थेंब नाही, इंजिनावर ओल नाही. मग जातंय कुठं?

पहिलं गॅरेज मोठं, काचेचं, एसीवालं. तिथल्या साहेबांनी बॉनेटही न उघडता सांगितलं, "इतकं ऑईल जातंच. नॉर्मल आहे." मी विचारलं, इतकं म्हणजे किती? साहेब हसले. सहा महिन्यांनी, गाडी एक लाख दहा हजारांवर असताना, तेच साहेब म्हणाले, "इंजिन गेलं. अर्ध इंजिन नवीन टाकावं लागेल. एक लाख पासष्ट हजार." आता बोला. पंच्याण्णव हजारांला नॉर्मल आणि एक लाख दहा हजारांला मयत. मधल्या काळात आजारी कधी होतं, हे कुणी बघितलंच नाही.

दुसरं गॅरेज हायवेवरचं. "टर्बो गेला शेठ. शंभर टक्के टर्बो." टर्बो बदलला. चौतीस हजार. ऑईल जायचं तसंच जात राहिलं. जुना टर्बो मागितला तर म्हणे, "तो भंगारात गेला की." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तिसरा ओळखीचा. "जाड ऑईल टाक, राव. धूर बंद होतोय का नाय बघ." टाकलं. थंडीत गाडी सकाळी चालू व्हायला रडायला लागली, ऑईल तरीही जात राहिलं.

तीन माणसं, तीन निदानं. तिघांनी मिळून एकही आकडा मोजला नाही. डॉक्टरने ताप न मोजता एकदा "नॉर्मल आहे" आणि एकदा "किडनी बदला" म्हटलं असतं, तर आपण दवाखान्यात गोंधळ घातला असता. गॅरेजमध्ये मात्र आपण मान डोलावतो, कारण आपल्याला वाटतं त्यांना कळतं.

मग भेटले दौंडचे एक काका. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेले, आता निवृत्त. नाव लिहू नको म्हणालेत, लिहीत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "हजार किलोमीटरला किती मिली?"

मला सांगता आलं नाही. दीड वर्ष मी ऑईल ओततोय, हजारो रुपये घालवलेत, आणि मला आकडा माहीत नाही.

काका म्हणाले, "आमच्याकडं प्रत्येक इंजनाचा हिशोब असायचा. डिझेल किती प्यालं, त्यावर ऑईल किती टक्के गेलं. ऑईलचा नमुना लॅबला जायचा. त्यात लोखंड वाढलं तर लायनर झिजतोय, क्रोम वाढलं तर रिंगा, तांबं वाढलं तर बेअरिंग. आणि सिलिकॉन वाढलं म्हणजे माती गेली आत. इंजन उघडायच्या आधी आम्हाला कळायचं, आत काय सापडणार ते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रेल्वेच्या जुन्या अल्को डिझेल इंजिनांवर जो टर्बो असतो त्याला रेल्वेवाले आजही टर्बो सुपरचार्जर म्हणतात, टीएससी. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाला जबरदस्तीनं जादा हवा पाजणारा पंखा. इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा गिअरवर फिरला तर तो नुसता सुपरचार्जर, सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरला तर टर्बो. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने धुराची ही फुकट जाणारी ताकद वापरायचं पेटंट घेतलं. आज तीच युक्ती तुमच्या-माझ्या पिकअपमध्ये आहे. गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनाच्याच ऑईलवर तरंगतो. म्हणून ऑईल गेलं की सगळे आधी टर्बोकडं बोट दाखवतात. कधी ते बरोबर असतं. पण बोट दाखवणं म्हणजे तपासणी नव्हे.

काकांनी इंजिन लगेच उघडू दिलं नाही. पहिलं काम दिलं मोजायचं. सपाट जागेवर गाडी लावली, इंजिन थंड होऊ दिलं, वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरलं, किलोमीटर लिहून ठेवले. मग जितकं कमी होईल तितकं मापाच्या भांड्याने मोजून टाकायचं. दोन आठवड्यांत आकडा आला. सहाशे किलोमीटरला एक लिटर. तेवढ्या अंतरात डिझेल लागलं पन्नास लिटर. म्हणजे दोन टक्के. काकांनी मान हलवली. धडधाकट छोट्या डिझेल इंजिनात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतं.

मग धूर कधी येतो ते बघितलं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. बराच वेळ रिकामी चालू ठेवून मग रेस दिल्यावर ढग आला, तर टर्बोवर. लोड घेऊन चढ चढताना सतत निळा धूर, तर रिंग-बोअरवर. माझी गाडी भरलेले कॅन घेऊन पुलाचा चढ चढताना धूर मारायची. चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण उघडलं तर आतून फुसफुस वारा. बॅक कॉम्प्रेशन.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर एकवीस ते तेवीस बारच्या मधे. चांगल्या इंजिनात अठ्ठावीस-तीसच्या घरात यायला हवं होतं. मग एकेका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आणून बाहेरून हवा भरली आणि कान लावला. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, हवेच्या पाईपातून आली तर इनलेटचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आमची हवा चारही वेळा ऑईलच्या झाकणातून बाहेर. म्हणजे रिंगांच्या बाजूनं खाली.

आता, फक्त आता, काका म्हणाले, "उघड."

दौंडच्या एका छोट्या गॅरेजात हेड उतरवलं, चेंबर काढला, पिस्टन बाहेर आले. चार चांगल्या माणसांच्या समोर. व्हॉल्व्ह सील ठीक. ऑईलची रिंग काजळीने चिकटली असती तर दोष ऑईल बदलायला केलेल्या उशिराचा निघाला असता, पण रिंग मोकळी होती. मग काकांनी बोअरमध्ये बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "बोट फिरव." वरच्या बाजूला नखाला लागेल अशी कड. नव्या बोअरवर तिरप्या बारीक रेषांची जाळी असते, तिच्यात ऑईल धरून राहतं. माझ्या बोअरवर जाळी नाही, उभे ओरखडे. वरची रिंग एकटी बोअरमध्ये सरकवली, दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजली. एक पूर्णांक चार मिलिमीटर. नव्या इंजिनात ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते.

पिस्टनच्या अंगावर मळकट, बारीक घासलेला पट्टा. काका एकच शब्द बोलले. "माती."

माती आली कुठून? एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा रबरी पाईप काढला. क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी, दोन बोटं लांबीची चीर. आतून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर विटकरी, बोटाला खरखर लागणारा चिखल.

हिशोब करून बघा. अडीच लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन, मिनिटाला दोन हजार फेरे. नुसतं ओढलं तरी मिनिटाला अडीच हजार लिटर हवा. टर्बो दाबून भरतो म्हणून चार हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात आपल्याकडं दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तेवढी हवा हे इंजिन अडीच मिनिटांत पितं. आणि ती हवा म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या, खोदून ठेवलेल्या रस्त्यावरची हवा. फिल्टरच्या पुढं चीर असेल तर फिल्टर सोन्याचा लावला तरी उपयोग नाही. ती धूळ ऑईलमध्ये मिसळून कानशीसारखी बोअर घासत राहते.

पाईपची किंमत साडेआठशे रुपये.

पंच्याण्णव हजारांला कुणी तो पाईप हातात घेऊन वाकवून बघितला असता, तर विषय साडेआठशेत संपला असता. आता बोअर, ओव्हरसाईज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, लेथवाल्याची मजुरी मिळून एकसष्ट हजार. टर्बोचे चौतीस हजार वेगळे. नऊ दिवस भाड्याची गाडी वेगळी.

आता त्या भंगारात गेलेल्या टर्बोकडं या. काका मला म्हणाले, "तो टर्बो असता तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. माती खाल्लेल्या टर्बोच्या पंख्याची पाती कडेला झिजलेली असतात, खरवडल्यासारखी." म्हणजे खरा आरोपी कोण, हे सांगणारा पुरावा माझ्याच गाडीतून निघाला, माझ्याच पैशाने निघाला, आणि मला न विचारता किलोवर विकला गेला. जुना पार्ट परत मागणं म्हणजे चिंधीगिरी नाही. जुना पार्ट म्हणजे पंचनामा आहे. चोरी झाल्यावर पंचनामा न करता घर धुवून काढलं तर कोण सापडणार?

माझीही चूक सांगतो, नाहीतर पोस्ट एकतर्फी होईल. एअर फिल्टर मी दर महिन्याला टायरवर आपटायचो आणि पंक्चरवाल्याकडं जोरात हवा मारून घ्यायचो. साफ होतो असं वाटायचं. त्या हवेनं कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि सर्वांत बारीक, सर्वांत घातकी धूळ मोकळी आत जाते. दीड वर्ष ऑईल ओतलं, एकदा मोजलं नाही. आणि जो मेकॅनिक म्हणेल "तपासायचे पंधराशे होतील", त्याला आपण काय म्हणतो? "नुसतं बघायचे पैसे?" पार्ट बदलायचे चौतीस हजार मुकाट देतो, शोधायचे पंधराशे द्यायला जीव जातो. मग मेकॅनिकनं शोधायचं कशाला? बदलण्यात पैसा आहे, शोधण्यात नाही. ही सवय आपण लावलीय.

पण सगळा दोष गिऱ्हाईकाचा आणि छोट्या मेकॅनिकचा म्हणून सोडून देऊ नका. खरी गोम पुढं आहे.

रिंगेची फट मोजली तेव्हा पुढचा प्रश्न होता, या इंजिनाची नेमकी मर्यादा किती? किती मिलिमीटरपर्यंत चालते, त्यानंतर बदलायची? हे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. दौंडच्या त्या गॅरेजवाल्याकडं मॅन्युअल नाही. शिरूरमध्ये दोघांना फोन केला, त्यांच्याकडं नाही. एकाने मोबाईलवर पानाचा फोटो पाठवला, तो निघाला दुसऱ्याच मॉडेलचा. शेवटी लेथवाल्याच्या तीस वर्षांच्या अनुभवावर बोअर झालं. माणूस चांगला निघाला म्हणून निभावलं.

हे कुठं? शिरूर तालुक्यात. जिथं रांजणगाव एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनत आली. (माझं इंजिन तिथलं नव्हे, उगाच कमेंटमध्ये निष्कर्ष काढू नका. माझ्या गाडीच्या कंपनीचं आणि गॅरेजांचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका नावाचा नाही.) ज्या तालुक्यातली पोरं कारखान्यात मायक्रॉनमध्ये मापं घेतात, त्याच तालुक्यात बंद पडलेलं इंजिन अंदाजानं बांधलं जातं.

आणि कायदा नाही असंही नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं. आयोगाने हेही सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारगाड्या आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. छान. पण पोर्टल दिल्लीत आणि इंजिन दौंडात. दहा वर्षांहून जास्त झाली त्या आदेशाला, आणि आमचा मेकॅनिक अजून व्हॉट्सॲपवर पान मागतोय.

रेल्वेला जमलं कारण रेल्वेचं इंजिन सरकारचं होतं, नुकसान सरकारचं होतं, म्हणून वही होती, लॅब होती, माप होतं. माझं इंजिन बिघडलं तर नुकसान माझं, कंपनीचा नवीन ब्लॉक खपतो, मोठ्या गॅरेजचं बिल वाढतं. मग मोजण्याची घाई कुणाला असणार? ज्याचं नुकसान होतंय त्यानेच माप मागितल्याशिवाय हे बदलणार नाही.

म्हणून चार मागण्या. पहिल्या दोन गॅरेजकडं, तिसरी आपल्या स्वतःकडं, चौथी आपल्या आमदार-खासदारांकडं.

१. मोठं काम सांगताना मोजलेला आकडा लेखी द्या. "इंजिन गेलं" हे निदान नाही. हजार किलोमीटरला किती ऑईल, कॉम्प्रेशन किती, हवा कुठून गळते, हे कागदावर लिहा. "नॉर्मल" म्हणायचं असेल तर कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा दाखवा.

२. बदललेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाईकाला परत. भंगारात टाकायचा का, ते आम्ही ठरवू. आणि गिऱ्हाईकांनो, हे काम सोपवतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या, बिल देताना भांडू नका.

३. तपासणीचे पैसे आनंदाने द्या. जो माणूस म्हणतो, "आधी बघू, मग सांगतो", तो तुमचे पैसे वाचवतोय.

४. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा कोर्स चालतो. तिथं आठवड्यातून एक दिवस लोकांच्या गाड्यांसाठी मोजमाप केंद्र सुरू करा. कॉम्प्रेशन गेज, बोअर गेज, गळती तपासायचं यंत्र, ऑईलचे नमुने लॅबला पाठवायची सोय, आणि आपल्या भागात चालणाऱ्या गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअल. पोरांना खऱ्या इंजिनावर शिकायला मिळेल, लोकांना खरा आकडा मिळेल. एका पुलाच्या उद्घाटनाच्या मंडपाला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा जास्त लागणार नाही.

कुणी लेखी द्यायला नकार दिला, जुना पार्ट गायब केला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. फोन करा. मी केला नाही, कारण माझ्या हातात पुरावाच नव्हता. तुमच्या हातात असू द्या.

गाडी बांधून आता चार हजार किलोमीटर झालेत. हजाराला शंभर मिलीच्या आत ऑईल जातंय. आकडा मला तोंडपाठ आहे, कारण डॅशबोर्डवर छोटी वही ठेवलीय. काकांना दाखवली तर म्हणाले, "चला, एक तरी फिटर तयार झाला." पैसे घेतले नाहीत, दोन लिटर दूध घेतलं, तेही आग्रह केल्यावर.

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी एवढं करा. डिपस्टिक ओढा, तारीख आणि किलोमीटर लिहा. मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा तो काळा पाईप हातानं दाबून, वाकवून बघा. क्लिपच्या खाली बघायला विसरू नका. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. गॅरेजचं नाव लिहू नका, आकडा लिहा.